मॉडेलमध्ये न घातलेलं मीठ

अमरावतीच्या राजापेठेत, जिथे एकेका इमारतीवर क्लासेसच्या पाट्या एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या असतात, तिथे दुसऱ्या मजल्यावर मिस्बाह शेख भाड्याने राहते. विजेच्या इंजिनिअरिंगमध्ये तिने डॉक्टरेट केली आहे. घरमालकिणीला हे कळलं, तेव्हा तिने कौतुकाने आपला बंद पडलेला मिक्सर आणून दिला. मिस्बाहने तो खोलला, न्याहाळला, परत बंद केला आणि जमत नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून गल्लीत तिच्या शिक्षणाबद्दल एक दबकी शंका आहे, आणि ती शंका अगदीच बिनबुडाची आहे असं तिला स्वतःलाही आता वाटत नाही.

तिचं काम मिक्सरचं नाहीच. विजेला जिथे वाट ठेवलेली नसते, तिथून ती कधी कधी जबरदस्तीने वाट फोडते. चिनी माती, तेल, हवा, जे काही मध्ये अडवायला ठेवलेलं असेल ते हरतं आणि लखकन ठिणगी पलीकडे जाते. याला ब्रेकडाऊन म्हणतात. ते कुठे होईल आणि कशामुळे होईल, हे मिस्बाह कॉम्प्युटरवर आधीच काढते. यंत्राचं चित्र काढायचं, त्याचे लाखो बारीक त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाला सांगायचं की तू माती, तू तेल, तू हवा, तू वरची धूळ, आणि मग विचारायचं की विजेचा ताण कोणावर जास्त आला. कॉम्प्युटर रंगात उत्तर देतो. निळं म्हणजे खुशाल झोपा. लाल म्हणजे आता फुटणार.

हे वेड तिला घरातून लागलं. तिचे अब्बा वलीभाई यांचं अकोल्याच्या उत्तरेला एका खेड्यात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी यायच्या, अब्बा त्यांतली काळी पडलेली तार उपसून नवी भरायचे. लहान मिस्बाहला प्रश्न पडायचा की सगळं जळून गेल्यावर कळलं तर काय उपयोग? जळायच्या आधी कळायला हवं. या एका हट्टापायी ती अकोल्याच्या वसतिगृहात राहिली, अमरावतीला शिकली, आलेली स्थळं परतवली आणि शेवटी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटावर लागली. तिथे दर जूनमध्ये नेमणुकीचा कागद नव्याने मिळतो, आणि मे महिनाभर सगळे कंत्राटी मास्तर विभागप्रमुखांना जरा जास्तच वाकून नमस्कार करतात. मिस्बाहही करायची. उगाच मोठेपणा कशाला सांगा.

तिच्या विद्येला गिऱ्हाईक मात्र नव्हतं. पोरं विचारायची, मॅडम, हे परीक्षेला येतं का? नाही म्हटलं की वह्या मिटायच्या. रंगीत चित्रं काढकाढून ती थकली. तिला मनातून एकच हवं होतं, कोणीतरी खरोखरच्या कामासाठी विचारायला यावं. माणूस मागतो ते कधी कधी मिळतं, आणि मग आयुष्यभर पुरतं.

मूर्तिजापूरच्या उत्तरेला एक वीज उपकेंद्र आहे. ते चालवायचा ठेका एका एजन्सीकडे होता आणि एजन्सीने ठेवलेले दोन ऑपरेटर होते, देवमन आणि मनोज. जूनच्या सुरुवातीला एका दमट सकाळी तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर पेटला. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर चिनी मातीची उभी शिंगं असतात, त्यांना बुशिंग म्हणतात. वरच्या तारेतली वीज त्यांच्या पोटातून आत उतरते. त्यातल्या एकाच्या अंगावरून वीज बाहेरून सरकत खाली आली, बुशिंग फुटलं आणि उकळतं तेल पेटत उडालं. मनोज तेलाचं तापमान बघायला नेमका खाली उभा होता. देवमनने त्याला ओढून बाहेर काढलं. त्यात देवमनचे दोन्ही हात भाजले. मनोज अकोल्याच्या दवाखान्यात दगावला.

जवळच एक पाण्याचा पाईप पडलेला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. वीज कंपनीच्या साहेबांना तेवढं पुरलं. उन्हाळ्यात तापलेल्या ट्रान्सफॉर्मरवर कामगार पाईपने पाणी मारतात, ही खोड सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर साहेबांनी मनाई केली होती आणि त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना मोठाले कूलर लावून दिले होते. वऱ्हाडात हे काही नवं नाही. उन्हाळ्यात इथे माणसाच्या आधी ट्रान्सफॉर्मरला कूलर मिळतो. देवमन म्हणत होता की पाईप कूलरच्या टाकीत सोडलेला होता, पळापळीत पडला, वर पाणी कोणी मारलं नाही. पण ते बुशिंग फुटून आगबंबाच्या पाण्याने धुऊन गेलं होतं, कूलर दुसऱ्याच दिवशी तिथून हलवले होते आणि मनोज बोलायला उरला नव्हता. देवमनच्या बाजूने देवमन एकटाच.

चौकशी समितीला मग शास्त्राचा आधार हवासा वाटला. कॉलेजातल्या विभागप्रमुख गावंडे सरांची तिथे ओळख होती. सरांनी काम आणलं आणि मिस्बाहच्या टेबलावर ठेवलं. वरून पाणी न मारता हे बुशिंग असं फुटू शकतं का, एवढंच सांगायचं होतं.

ती किती हरखली होती, हे आता तिला आठवलं की अंगावर काटा येतो. जेवणाची शुद्ध नाही, झोपेची नाही. बुशिंगचं मोजमाप, आतलं तेल, वरची तार, सकाळची दमट हवा, एकेक गोष्ट तिने निगुतीने भरली. कूलरसुद्धा ती विसरली नाही. कूलरमुळे हवा थोडी थंड होते, म्हणून तिने तापमान खाली आणलं. मग बुशिंगवर बसलेल्या धुळीचा रकाना आला. त्यासाठी जगभर चालणारा एक ठरलेला तक्ता आहे. समुद्रकिनारा असेल तर हवेत मीठ, म्हणून घाण जास्त धरा. रासायनिक कारखाने असतील तर मध्यम. समुद्रापासून लांब, शेतीवाडीचा मुलूख असेल तर हलकी. मूर्तिजापूरहून समुद्र कुठे? तिने हलकी धरली आणि पुढे गेली. क्षणाचंही काम नव्हतं.

कॉम्प्युटरने चित्र दिलं. बुशिंग वरपासून खालपर्यंत निळं. मग तिने वरून पाण्याची धार सोडून पाहिली. बुशिंग लालभडक. इतकं स्वच्छ उत्तर तिला पीएचडीतही कधी मिळालं नव्हतं.

ते चित्र समितीला दाखवायला ती आणि गावंडे सर अकोल्याला गेले. बाहेर बाकावर एक माणूस बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. तो देवमन, हे तिला शिपायाने सांगितलं. ती जाताना तो उठून उभा राहिला. हात जोडता येत नव्हते म्हणून त्याने मान लववली आणि विचारलं, "म्याडम, तुमच्या त्या कॉम्प्युटरमंधी मनोज कुठं उभा होता थे दिसते का?"

मनोज तिच्या मॉडेलमध्ये नव्हता. माणसं त्यात नसतातच, त्यांची गरज पडत नाही. नाही दिसत, एवढंच बोलून ती आत गेली आणि पडद्यावर निळं चित्र लावून म्हणाली, "बुशिंगवर थेट पाणी पडल्याशिवाय हा ब्रेकडाऊन शक्य नाही." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की या उंटाला लोक शास्त्र म्हणतात आणि खाली बसून माना डोलावतात.

सुंठीवाचून खोकला गेला. एजन्सी सुटली, साहेब सुटले, ट्रान्सफॉर्मर बनवणारेही सुटले. देवमनच्या हलगर्जीपणामुळे सहकाऱ्याचा मृत्यू, असं कागदावर आलं आणि त्याला कामावरून काढलं. गावंडे सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, कारण कॉलेजला पहिल्यांदाच असं बाहेरचं काम मिळालं होतं. मिस्बाहनेही पेढा खाल्ला. देवमनचं तिला वाईट वाटलं, पण तसंच, पेपरात वाचून वाटतं तेवढं. चूक त्याची होती ना.

पुढच्या एप्रिलमध्ये ती गावी गेली. अब्बांच्या माघारी अम्मी, बिस्मिल्लाबी, तिथे एकटीच राहते. अंगणात कूलर उघडा करून ठेवला होता आणि अम्मी त्याच्या पंख्याची पाती खुरप्याने खरवडत होती. पांढरे पापुद्रे निघून खाली पडत होते. कूलरच्या बाजूंना लावायच्या ताट्यांमधला भुसा कडक होऊन त्याची ढेकळं झाली होती. कूलरसमोरच्या खिडकीच्या गजांवरही पांढरी साय चढली होती. अम्मी नेहमीसारखी पुटपुटत होती की या पाण्याने कूलर खाल्ला, खिडकी खाल्ली, आता मला खाईल.

पूर्णेच्या दोन्ही काठांना हा खारपाणपट्टा आहे. इथे जमिनीत खोल गेलं की खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नळाला पाणी येणार नसेल त्या दिवशी पाहुणा आला तर चहाची पंचाईत होते. प्यायला नळाचं पाणी जपून ठेवतात आणि कूलरला बोअरचं खारं घालतात. गोडं पाणी कूलरला घालायला इथे कोणी नवाब नाही. मिस्बाह या पाण्यावर वाढली. शाळेतून आल्यावर कूलरची पाती खरवडायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच होतं. आणि ते उपकेंद्र याच पट्ट्यात होतं.

ती ओसरीच्या पायरीवर बसली ती बसलीच. अम्मी विचारत राहिली, काय झालं, ऊन लागलं का. 

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा हरवला तर निदान कोणाचा बळी जात नाही. साहेबांनी लावलेले ते कूलर दोन महिने त्या बुशिंगवर खाऱ्या पाण्याचे तुषार उडवत होते. दुपारच्या उन्हात पाणी उडून जायचं आणि मीठ बसायचं. कोरडं मीठ गुमान असतं. पण जूनच्या पहिल्या दमट सकाळी ते ओलावलं आणि त्या ओल्या मिठाने विजेला वरून खालपर्यंत पायवाट करून दिली. पुण्यामुंबईच्या कोणा साहेबाला हे सुचलं नसतं तर समजण्यासारखं होतं. तक्त्यात मीठ फक्त समुद्राजवळ होतं, आणि मिस्बाहने स्वतःच्या अंगणापेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवला. शिकलेली होती ना.

अमरावतीला परतताना तिने बोअरच्या पाण्याचं कॅन सोबत नेलं. प्रयोगशाळेत चिनी मातीचा एक तुकडा कूलरसमोर बांधला, दिवसभर तुषार खाऊ दिले, उन्हात वाळवला, आणि हे पुन्हा पुन्हा केलं. मग तो धुऊन मीठ मोजलं आणि तो आकडा मॉडेलमध्ये घातला. पाण्याची धार काढून टाकली. फक्त दमट हवा ठेवली. बुशिंग लालभडक झालं. तिने त्या दिवशी कॉम्प्युटरसमोर डोकं टेकवून रडून घेतलं. हे लपवण्यात काही अर्थ नाही. ती रडली आणि स्वतःला तिच्या खेड्यातल्या शिव्या दिल्या.

गावंडे सर वाईट माणूस नाहीत. तीच तर खरी अडचण आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, चित्र दोनदा पाहिलं आणि म्हणाले की काम उत्तम झालंय, यावर शोधनिबंध लिही, बाहेरच्या मासिकात सहज छापून येईल. देवमनचं काय, असं तिने विचारलं. सर म्हणाले की ती फाइल बंद झाली, आता उघडायची तर आधीचा अहवाल कॉलेजने चुकीचा दिला असं लिहावं लागेल, आणि तोंडावर जून आलाय. जून हा शब्द त्यांनी अगदी मायेने उच्चारला. तरी तिने समितीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. शोधनिबंध मात्र पुढे खरंच छापून आला. जगात कुठे कुठे तो वाचला गेला म्हणतात. मूर्तिजापुरात नाही.

वरातीमागून घोडं जायचंच होतं, तर निदान नवरदेवाच्या दारी तरी जावं, असं ठरवून ती मेच्या अखेरीस एका रविवारी देवमनच्या गावी गेली. कागदावर काही बदलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पण आपल्या हातून माणूस मेला या ठपक्याच्या ओझ्याखाली एक माणूस जगतोय, आणि ते ओझं त्याचं नाही. तेवढं उतरवणं अजून तिच्या हातात होतं. एवढ्यासाठी आपण आलो, असं ती वाटभर स्वतःला सांगत होती.

देवमनची बायको दुर्गाबाई दारातच भेटली. तिने ओळखलं नाही. मिस्बाहने नाव आणि काम सांगितलं, तेव्हा बाईचा चेहरा दगड झाला. तरी तिने खाट टाकली आणि पाणी दिलं. देवमन आतून आला. पट्ट्या गेल्या होत्या. हातांची कातडी गुलाबी, ताणलेली आणि चकचकीत होती, बोटं पुरती मिटत नव्हती. म्याडम आल्या म्हणून तो गडबडून गेला. खाटेवर न बसता जमिनीवरच बसला.

मिस्बाहने सगळं सांगितलं, आणि आपल्या गावच्या बोलीत सांगितलं, कारण कॉलेजची भाषा तिच्या तोंडून निघेना. मीठ, कूलर, दमट हवा, तक्ता. शेवटी म्हणाली, "भाऊ, चूक माही होती. तुमी पानी मारलंच नाही. मनोज तुमच्यानं नाही मेला."

 देवमन हातांकडे बघत सावकाश बोलायला लागला. आधी त्यालाही वाटायचं की पाणी मारलं नाही. पण चौकशीत एवढे शिकलेले लोक म्हणाले, कॉम्प्युटरने दाखवलं, मग त्याने घरी पडल्या पडल्या आठवायला सुरुवात केली. आठवता आठवता आठवलं. पाईप हातात होता. मनोज म्हणाला, लय तापलं रे. मग धार वर गेली. आता रोज दिसतं. त्याने मनोजच्या बायकोसमोर, आरतीसमोर, नाक घासून कबूल केलं होतं. ती बोलत नाही, पण त्याला तिच्या वावरात काम करू देते. तेवढ्यावर तो रात्री डोळे मिटू शकतो.

"तुमाले दिसते थे आमी सांगतलेलं हाय, भाऊ," मिस्बाह म्हणाली. "झालेलं नाही."

"दिसते ना पन मले," देवमन म्हणाला.

इतका वेळ चौकटीला टेकून उभी असलेली दुर्गाबाई तेव्हा बोलली. "पैल्या दिवसापासून मी हेच सांगून राहिली याले. तुमी पानी मारनारे नाही म्हनून. यानं माह्याशी बोलनं टाकलं. मले म्हने, तू कॉम्प्युटर शिकली हाय का?" आणि मिस्बाहकडे बघत म्हणाली, "आता तुमी आल्या. कावून आल्या, बाई? तवा याले मोडून ठेवलं, आता याची झोप मोडाले?"

मिस्बाहने पिशवीतून लॅपटॉप काढला. तिच्याकडे दुसरं होतं तरी काय. नवं चित्र लावलं, लाल झालेलं बुशिंग, आणि बोट फिरवून एकेक गोष्ट दाखवली. बघा, इथे पाणी नाही. इथे फक्त मीठ आहे. देवमनने नीट पाहिलं, वाकून पाहिलं, मान हलवली. मयताच्या घरी आलेल्यांचं बोलणं माणूस जसं ऐकून घेतो, तसं त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं सांगून झालं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. क्षणभर तिला वाटलं की पोचलं.

"म्याडम, तुमचं मन लय चांगलं हाय," तो म्हणाला. "माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून एवढ्या लांब आल्या, एवढं नवं चित्र बनवून आनलं. पन माह्यासाठी असं खोटं बोलत नका जाऊ. तुमच्या साहेबाले समजलं त तुमची नोकरी जाईन."

मग त्याने भिंतीला टेकवलेला, पऱ्हाट्या उपटायचा लांब दांड्याचा चिमटा उचलला. आरतीच्या वावरातली कापसाची ती वाळकी झाडं उपटायची राहिली होती, पेरणीच्या आत रान मोकळं करायचं होतं. न मिटणाऱ्या बोटांवर त्याने जुन्या कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या, गाठ दातांनी आवळली, म्याडमला चहा दिल्याशिवाय पाठवू नको असं बायकोला सांगितलं, आणि उन्हात निघून गेला. वर्षभरात तो बायकोशी पहिल्यांदाच बोलला होता.